पुलाला पाजलेलं ताक

म्हशींच्या पुलाची धडधड थांबली, हे सगळ्यात आधी गौराक्कांच्या चहाला कळलं.

मिरजेच्या गवळी गल्लीतलं त्यांचं घर आणि ओढ्यावरचा तो पूल यांचं पस्तीस वर्षांचं संगनमत होतं. पूल गल्लीकडे जिथे संपतो, तिथे बोटभर रुंदीची एक आडवी फट होती आणि तिच्या दोन्ही कडांना लोखंडी पट्ट्या. कुठलीही गाडी त्यावरून गेली की पुढच्या चाकाचा एक आणि मागच्या चाकाचा एक, असे दोन ठोके पडायचे. धड-धड. गौराक्कांचे यजमान मल्लाप्पा दुधाचे भरलेले कॅन घेऊन बाजाराकडे निघाले की ठोका जड पडायचा, रिकामे घेऊन परतले की उथळ. परतीचा ठोका ऐकून गौराक्का आधण ठेवायच्या आणि मल्लाप्पा पाय धुऊन कट्ट्यावर टेकेपर्यंत चहा कपात असायचा. मल्लाप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. मधल्या काळात गाड्या विजेच्या झाल्या आणि दारात येऊन उभी राहीपर्यंत गाडी आली हे कुणाला कळेनासं झालं. पण म्हशींच्या पुलाला चुकवून गल्लीत येता येत नव्हतं. त्यामुळे दर रविवारी सांगलीहून येणाऱ्या लेकीचा चहा कधी चुकला नव्हता.

संक्रांतीनंतरच्या रविवारी तो चुकला. नीला हेल्मेट काढत थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि गौराक्का दचकल्या.

“उडत आलीस काय गं?”

“रोजच्याच रस्त्यानं आले. का?”

“ठोका न्हाई ऐकू आला.”

“मग चांगलंच की अव्वा. पूल सुधारला.”

गौराक्कांनी आधण ठेवलं. पूल लेकीचाच होता, तो सुधारणार यात नवल नव्हतं. तरी चहा गाळताना त्यांचा कान दोनदा पुलाकडे गेला.

कागदोपत्री त्या पुलाला एका पुढाऱ्याचं नाव होतं. त्याची पाटी पुलाच्या तोंडाशी उभी केली होती आणि येता-जाता तिला अंग घासून म्हशींनी तिच्यावरची निम्मी अक्षरं पुसून टाकली होती. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला गल्लीतल्या सगळ्या म्हशी पुलावरून जायच्या. तेवढा वेळ दवाखान्यात जाणारे, शाळेत जाणारे, लग्नाला निघालेले, सगळे दोन्ही टोकांना गप्पा मारत थांबायचे. गल्लीतल्या निम्म्या सोयरिकी त्या थांबण्यात जुळल्या असं म्हणतात.

चार वर्षांपूर्वी पूल खिळखिळा झाला, म्हणून त्याचा वरचा सगळा भाग काढून नवा घातला. तो नीलाच्या प्रयोगशाळेतून आलेल्या काँक्रीटचा होता. नीला म्हणजे डॉक्टर नीलांबिका पंगुडवाले, जंतूंचा अभ्यास करणारी. गवळ्याची मुलगी जंतूंत शिकली याचं गल्लीला विशेष वाटलं नव्हतं, कारण विरजण लावणं म्हणजे दुसरं काय असतं?

त्या काँक्रीटची गंमत अशी होती. ते कालवतानाच त्यात एका जातीचे जिवाणू मिसळलेले होते. हे जिवाणू दगडासारखे निपचित झोपून राहतात, अन्नपाण्यावाचून शंभर वर्षंसुद्धा. काँक्रीटला तडा गेला आणि त्यातून ओल आणि हवा आत शिरली की ते जागे होतात. त्यांच्याजवळ पेरून ठेवलेले अन्नाचे बारीक दाणे ते खातात आणि खाल्लेल्याचा चुना करून बाहेर टाकतात. तो चुना थरावर थर साचून तड्यात दगड होतो. तडा बुजला की ओल थांबते, ओल थांबली की जिवाणू पुन्हा झोपतात. आपलं हाड मोडलं की जसं सांधतं, तसाच हा प्रकार. त्यांना आवर घालायची सोयही साधी होती. अन्न मोजून ठेवलेलं. ते संपलं की काम संपलं.

उद्‌घाटनाच्या दिवशी, पावसाच्या तोंडावर, नीलाने हे सगळं माईकवरून गल्लीला समजावून सांगितलं. “हा पूल जिवंत आहे,” ती म्हणाली. टाळ्या पडल्या. भाषण संपल्यावर गौराक्कांनी तिला बाजूला घेतलं.

“जिता हाय म्हणतीस, मग खातो काय?”

नीला हसली. “लॅक्टेट म्हणून असतं अव्वा. म्हणजे बघ, आपलं आंबट ताक चुन्यात पडलं की जे होईल ना, जवळपास तेच.”

“आणि किती घातलंय?”

“लागेल तेवढं.”

“लागेल तेवढं” हा शब्द गौराक्कांना आयुष्यात कधी पटलेला नव्हता. व्यायलेल्या म्हशीला शिजवलेली बाजरी, पाहुण्याला चौथी भाकरी, लेकीला डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या. लागेल त्याच्यावर वाढलं तरच ते वाढणं, असा त्यांचा हिशेब. शिवाय हा पूल म्हणजे लेकीचं लेकरूच. नीलाने लग्न केलेलं नव्हतं आणि त्यावर बोलायचं नाही असा तिचा हुकूम होता. तेव्हा गौराक्कांनी आषाढातल्या अमावास्येला तांब्याभर आंबट ताक नेऊन गल्लीकडच्या फटीत ओतलं, आणि मग रोजच तांब्याभर ओतू लागल्या. कुणी विचारलं तर म्हणाल्या, “अंगात ताकद येऊ दे त्याच्या.”

अमावास्येला दूध विकायचं नाही ही गवळी गल्लीची जुनी रीत. त्या दिवशीचं सगळं दूध विरजायचं, घुसळायचं, लोणी काढून घ्यायचं आणि ताक वाटून टाकायचं. अलीकडे ताक न्यायला कुणी येत नसे, चौदा घरांत घागरी भरून उरायचं आणि शेवटी गटारात जायचं. गौराक्कांचं पाहून दुसऱ्या अमावास्येला शेजारच्या घरानं ताक पुलाला नेलं, तिसऱ्या अमावास्येला सगळ्या गल्लीनं. वाया जायचं ते पुलाच्या अंगी लागेल, यात कुणाला वावगं वाटलं नाही. नीला रविवारी यायची. अमावास्या बरोबर रविवारी पडली तरी ताक ओतायचं काम सकाळीच होऊन जायचं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पारा चव्वेचाळीसवर गेला. त्याच आठवड्यातल्या बुधवारी राज्याची समिती पूल पाहायला येणार होती. तिनं होकार दिला की राज्यातल्या साडेतीनशे पुलांना हेच काँक्रीट वापरायचं, असं ठरलं होतं. मंगळवारी रात्री नीला मुक्कामाला आली आणि जेवताना तिनं ताटाशेजारी टॅब्लेट उभा करून ठेवला.

“हा आकडा बघ. पुलाचा ताठपणा. नवा होता तेव्हा शंभर होता, आज एकशे अठरा आहे. पूल नव्यापेक्षा चांगला झालाय, अव्वा. जगात असं कुठं झालेलं नाही.”

“खा आधी.” गौराक्कांनी तिसरी भाकरी वाढली.

“बास म्हटलं ना!”

“आकडा ऱ्हाऊ दे. त्यात फटीचं काय लिवलंय?”

“फटीचं काय लिहायचं? सेन्सर पुलाच्या पोटात आहेत, खांबांवर आहेत. फट म्हणजे रिकामी जागा. रिकाम्या जागेवर कोण सेन्सर लावतं?”

“त्यो मुका झालाय, निलव्वा. संक्रांतीपासनं एक ठोका न्हाई.”

नीला दमलेली होती. दोन महिने ती समितीसाठी कागद तयार करत होती. “म्हणजे तुझ्या चहाची वेळ चुकते म्हणून पूल आजारी?” ती म्हणाली आणि म्हणता क्षणीच तिला वाईट वाटलं. पण उद्याचं भाषण डोक्यात होतं, तिनं ताट सारलं. अर्धी भाकरी तशीच राहिली. गौराक्कांच्या जिभेवर आलेलं पुलाच्या ताकाचं बोलणंही तिथंच राहिलं.

सकाळी नीला समितीला आणायला सांगलीला गेली. दहाच्या सुमाराला यासीनचाचा दारात आले. ते सतारी करायचे. त्यांचं दुकान पुलाखाली होतं, गल्लीकडच्या ज्या जाड दगडी भिंतीवर पुलाचं टोक टेकलेलं, तिलाच पाठ लावून. पुलाच्या ठोक्यांनी त्यांना तीस वर्षं छळलं होतं. सतारीची जवारी काढताना, म्हणजे तार आणि घोडी यांच्यात सुरापुरती बारीक जागा राखताना, वरून धड-धड झालं की हात हलायचा. संक्रांतीपासून ते भलतेच खूष होते. आज मात्र चेहरा उतरलेला होता.

“अक्का, भिंत बोलायला लागलीय.”

“म्हंजे?”

“तार लई चढवली की खुंटी कशी करकरती, तसं. आत, दगडात. सकाळपास्नं तीनदा. ऊन चढंल तसं जास्त.”

गौराक्का त्यांच्याबरोबर पुलाच्या टोकाशी गेल्या आणि तापलेल्या डांबराजवळ पदर डोक्यावर घेऊन उकिडव्या बसल्या. ही तीच फट. नीला दुसरीत असताना तिची पाटीवरची पेन्सिल यात पडली होती आणि तिनं भोकाड पसरलं होतं. आज तिथे पेन्सिल सोडाच, केससुद्धा गेला नसता. दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये पांढराशुभ्र दगड भरून आला होता. गौराक्कांनी नखानं खरवडून पाहिलं, नखच तुटलं.

ही फट कशाला असते हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण गोठ्याचं लोखंडी फाटक त्यांना माहीत होतं. थंडीत ते सहज लागतं, आणि वैशाखात फुगून चौकटीला असं घासतं की खांदा लावल्याशिवाय हलत नाही. एकदा मल्लाप्पांनी चौकटीजवळची जागा सिमेंटनं भरून घेतली, तर उन्हाळ्यात फाटकानं चौकटच उखडली. पूल तर साठ पावलांचा. उन्हात तोही फुगणार, फुगायला जागा मागणार. पूर्वी या बोटभर जागेत तो मावत होता. आता ती जागाच नव्हती. म्हणून तो भिंतीला रेटत होता, आणि भिंत करकरत होती. पूल तरी फुटणार, नाहीतर भिंत.

आणि ही जागा कुणी बुजवली तेही त्यांना कळलं. बोलावं तर लेकीच्या चार वर्षांच्या कष्टांवर पाणी पडणार, तेही आज, समितीच्या देखत. न बोलावं तर यासीनचाचांच्या डोक्यावर भिंत, आणि पुलावर त्या वेळी जो असेल तो ओढ्यात. गौराक्कांनी नीलाला फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला, बंदच. मग त्या उठल्या.

“चाचा, दुकान मोकळं करा. एकूण एक सतार भाईर काढा.”

“आणि वरनं गाड्या जायल्यात त्यांचं?”

“त्यांचं मी बघते.”

गोठ्यात जाऊन त्यांनी चंद्रीचं दावं सोडलं. चंद्री म्हणजे गल्लीतली सगळ्यात वजनदार आणि सगळ्यात हट्टी म्हैस. ती निघाली की बाकीच्या आपोआप निघतात. गौराक्कांनी शेजारणींना हाका मारल्या. अर्ध्या म्हशी पुलाच्या गल्लीकडच्या तोंडाशी आडव्या उभ्या केल्या. उरलेल्या पुलावरून न नेता कोरड्या ओढ्यातून पलीकडे काढून बाजाराकडच्या तोंडाशी लावल्या. दहा मिनिटांत म्हशींचा पूल म्हशींनी बंद केला. दोन्हीकडे हॉर्न सुरू झाले. म्हशींनी आयुष्यभर हॉर्न ऐकले होते, त्या रवंथ करत राहिल्या.

समितीची गाडी बाजाराकडच्या गर्दीत अडकली तेव्हा साडेअकरा वाजले होते. ओढा उतरून नीला चालत अलीकडे आली. मागून समितीच्या अध्यक्ष केळुस्करबाई छत्री सांभाळत येत होत्या. नीलाचा चेहरा लाल झाला होता, आणि तो काही नुसत्या उन्हानं नव्हे.

“अव्वा, हे काय चाललंय? म्हशी काढ.”

“न्हाई काढत.”

“आज माझ्या सगळ्या कामाचा दिवस आहे, कळतंय का तुला?”

“म्हणूनच न्हाई काढत.” गौराक्का म्हणाल्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं. “फट भरलीय. मी भरलीय. तुझ्या पुलाला मी चार वर्सं ताक पाजलं, निलव्वा. रोज तांब्याभर. आणि आमुशाला सगळ्या गल्लीनं, घागरी घागरी.”

नीला फटीजवळ गुडघे टेकून बसली आणि चटका बसूनही तिनं त्या पांढऱ्या दगडावरून हात काढला नाही. गौराक्कांना वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण लेकीच्या चेहऱ्यावर हळूहळू दुसरंच काहीतरी आलं. लहानपणी गणित अडलं की ती अशीच ओठ चावत बसायची.

“ताकातलं आम्ल,” ती स्वतःशीच म्हणाली. “काँक्रीटमधला चुना. दोन्ही मिळून आयतं अन्न. फटीत ओल, हवा, सगळं होतं. त्यांना वाटलं हा एक मोठा तडाच आहे.” मग मान वर करून तिनं केळुस्करबाईंकडे पाहिलं. “आणि आमचा ताठपणाचा आकडा वाढतच गेला, कारण पूल मजबूत होत नव्हता, दोन्ही टोकांनी जखडला जात होता. बाजाराकडचं टोक मुळातच पक्कं असतं. हलायला मोकळं होतं ते हे एकच.”

तेवढ्यात भिंतीतून फटाका फुटावा तसा आवाज आला. यासीनचाचांच्या दुकानात मागच्या भिंतीचा दगड निखळून पडला आणि धुळीचा लोट दारातून बाहेर आला. चाचा रस्त्याच्या पलीकडे सतारी ओळीनं उभ्या करून त्यांच्यापुढे उभे होते. त्यांनी दुकानाकडे पाहिलं, मग गौराक्कांकडे, आणि मानलं अशा अर्थानं कानाच्या पाळीला हात लावला.

नीला उठली. आता ती कुणाची लेक राहिली नव्हती. “ऊन चार वाजेपर्यंत चढतच जाणार. तोवर भिंत टिकणार नाही. आणि आत्ता कापायला गेलो तर पूल पातंच चिमटीत धरेल. आधी तो आकसला पाहिजे. गार करायला पाहिजे. पाणी लागेल, खूप, आणि ते वाहून न जाता पुलावर टिकलं पाहिजे.”

“ओली पोती घालू की,” गौराक्का म्हणाल्या. “म्हशींच्या पाठीवर घालतो तशी.”

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. नीला म्हणाली, “हां. तशीच.”

उन्हाळ्यात म्हशीला गार कसं ठेवायचं हे गवळी गल्लीला सांगावं लागत नाही. चौदा घरांतून पेंडीची पोती आली, गोधड्या आल्या, एका घरातून तर लग्नातला शामियानाच आला. पुलावर वजन नको म्हणून नीलानं एका वेळी दोघांनाच वर जाऊ दिलं. बाकीचे दोन्ही टोकांना रांगा लावून दुधाचे कॅन हातोहात पुढे देत राहिले, पाण्यानं भरलेले. हॉर्न वाजवून कंटाळलेले लोक गाड्या सोडून बाजाराकडच्या रांगेत येऊन उभे राहिले. लाल दिव्याच्या गाडीचा ड्रायव्हर आणि भाजीवाली बाई एकच कॅन धरून चालली. केळुस्करबाईंनी छत्री मिटवून ती चंद्रीच्या पाठीवर ठेवली आणि हातात थर्मामीटर घेतला. दर पंधरा मिनिटांनी त्या आकडा ओरडून सांगायच्या. सत्तावन्न. चोपन्न. एकावन्न. पन्नासच्या खाली आला तेव्हा दोन्ही काठांवरून आरोळी उठली. चार वाजता त्रेचाळीस होता. यासीनचाचांनी भिंतीला कान लावला, कितीतरी वेळ तसेच राहिले, आणि मग हात हलवून म्हणाले, “उतरली. तार उतरली.”

संध्याकाळी सहाला कापायचं यंत्र लागलं. पांढऱ्या दगडातून पातं निम्म्यापर्यंत गेलं तेव्हा साऱ्या पुलानं एक लांबलचक हुंकार दिला आणि तो दोन सूत पुढे सरकला. नुसत्या डोळ्यांना दिसलं ते. गल्लीतल्या बायकांनी नकळत हात जोडले.

कापून निघालेला एक तुकडा नीलानं धुऊन दिव्याखाली धरला. त्यात दोन्ही कडांकडून मध्यापर्यंत बारीक रेषा होत्या, एक पांढरी, एक पिवळट, पुन्हा पांढरी. दर अमावास्येला जास्तीचं ताक, दर अमावास्येला एक जाड थर. दोन्ही बाजू वाढत वाढत येऊन गेल्या थंडीत मध्ये भेटल्या होत्या.

“एका बाजूला त्रेचाळीस जाड थर आहेत,” तिनं मोजून सांगितलं. मग बोटांवर महिने मोजले. “त्या आषाढापासून फट बुजली त्या मार्गशीर्षापर्यंत बेचाळीसच अमावास्या होतात. एक थर जास्त कसा?”

“मधला अधिक महिना धरलास काय?” गौराक्कांनी विचारलं.

नीला आईकडे बघत राहिली आणि मग इतक्या मोठ्यानं हसली की समितीची माणसं वळून पाहायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गौराक्कांनी पुढे होऊन तिला जवळ घेतलं नाही, नुसता पदर पुढे केला. नीलानं त्यालाच तोंड पुसलं.

केळुस्करबाईंनी त्या दिवशी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचं ठरलं. अहवाल नीलानंच लिहिला. आम्ही पुलाची ताकद मोजली, त्याचं पोट मोजलं नाही, असं तिनं पहिल्याच पानावर लिहिलं. फटीच्या कडांना आता जिवाणू नसलेलं साधं काँक्रीट लागेल आणि पहिला सेन्सर रिकाम्या जागेवर बसेल, हे दुसऱ्या पानावर. दोष सर्वप्रथम कुणाच्या लक्षात आला, या रकान्यात तिनं गौराबाई मल्लाप्पा पंगुडवाले असं नाव घातलं. दोष कुणामुळे आला, या रकान्यात स्वतःचं. गौराक्का त्यावर भांडल्या. “ताक मी घातलं,” त्या म्हणाल्या. “खातो काय हे तू विचारलंस, आणि मी हसण्यावारी नेलं,” नीला म्हणाली. खोडायला ती तयार झाली नाही.

यासीनचाचांची भिंत पालिकेनं बांधून दिली. अमावास्येच्या ताकाचं काय करायचं हा प्रश्न उरला होता, तोही सुटला. आता त्या दिवशी गल्लीतल्या बायका पुलाच्या तोंडाशी घागरी मांडून बसतात, आणि म्हशी जाईपर्यंत थांबलेल्या प्रत्येकाला पेलाभर ताक मिळतं. पुलाला एक थेंबही नाही.

आषाढातल्या एका रविवारी गौराक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. पुलावर ठोका पडला. धड-धड. उथळ, एका माणसाचा, जरा घाईतला. त्यांनी शेंगा तशाच टाकल्या आणि आधण ठेवलं. नीला दारात आली तेव्हा कपातून वाफ येत होती.

जेवताना गौराक्कांनी एकच भाकरी वाढली आणि परडी आपल्या मागे सरकवून ठेवली. हे त्यांना सोपं गेलं नाही. लेकीच्या ताटातली भाकरी संपत आली, संपली, तरी त्या मांडीवर हात दाबून बसून राहिल्या. सांगलीत पाऊस कसा आहे ते विचारलं. नीलानं सांगितलं.

“अव्वा,” नीला म्हणाली, “अर्धी भाकरी दे की. आणि ताक? का सगळं पुलाला पाजलंस?”

“लई बोलायला लागलीस,” गौराक्का म्हणाल्या. भाकरी देऊन त्यांनी ताकाचा तांब्या उचलला आणि वाटीवर तिरपा धरला. “बास म्हण.”

नीलानं वाटी पुढे केली आणि काठोकाठ भरेपर्यंत ती काहीच म्हणाली नाही.